न प्यालेल्या दारूची शिक्षा

“वास घ्या माझ्या तोंडाचा! दादा, तुमी घ्या... वैनी, तुमी घ्या... पाव्हणं, तुमी तरी या हो जवळ! नाक लावा आन् सांगा समद्यांला, हा धोंडीराम प्यालाय का न्हाई ते!”

गेवराईच्या त्या घराच्या ओसरीवर, भरल्या बैठकीत, दोन्ही हात पसरून धोंडीराम ओरडत होता. आणि ओरडता ओरडता त्याचे पाय मात्र त्याचे राहिले नव्हते! डावा पाय जाजमात अडकला, उजवा कुठे पडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि त्याच्या लेकीने, अंजनाने, नुकतंच पान-सुपारी मांडून ठेवलेल्या तबकावर तो धाडकन कोसळला. सुपाऱ्या जाजमभर घरंगळल्या... आणि मग पोटातून उसळून आलेली ती ओकारी! तोंडावर हात नेईपर्यंत उशीर झाला होता. पाटोद्याहून सोयरीक पक्की करायला आलेल्या राधाकिशन पाटलांचं पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत खराब झालं.

“दिवस आजून कासराभर वर आला न्हाई, आन् हे!” पाटील झटकन उठले. “आश्रुबा, लोकांनी आमाला सांगितलं व्हतं, पन आमी इश्वास ठिवला न्हाई. आज डोळ्यानं बघितलं. पोरीत खोट न्हाई, पन बापाचं हे आसं आसल्यावर... आमाला माफ करा.”

थोरला भाऊ आश्रुबा हात जोडीत, विनवण्या करीत अंगणाच्या टोकापर्यंत त्यांच्या मागे गेला. पण गाडी जुंपली गेली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, आणि ज्या सुपारीसाठी आदल्या संध्याकाळपासून घर सारवून, पुरण शिजवून, नातलग गोळा करून ठेवले होते ती सुपारी न फोडताच पाहुणे निघून गेले!

माजघराच्या दारात नवं लुगडं नेसलेली अंजना उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त बापाकडे पाहिलं... आणि त्या नजरेने धोंडीरामचं अंतःकरण विदीर्ण झालं. कारण त्या नजरेत राग नव्हता. त्या नजरेत शंका होती! आजवर सगळ्या जगाने शंका घेतली होती, पण लेकीने? तिनेही?

कपाळाच्या आत कुणीतरी घण घालत होतं. डोळ्यांपुढे ओसरीचे खांब पुढे-मागे झुलत होते. “मी प्यालो न्हाई,” असं त्याला पुन्हा एकदा सांगायचं होतं. पण जीभ अशी जड झाली होती की जे शब्द बाहेर पडले ते ऐकून जमलेले नातलग एकमेकांकडे पाहून हसले. आपलं खरं बोलणंही दारुड्यासारखं ऐकू यावं, याहून मोठा छळ माणसाच्या वाट्याला कोणता येईल?

आणि मुळात त्याला त्या गिरणीच्या भट्टीपाशी जायचंच कुठे होतं!

चार वर्षांपूर्वी आश्रुबाने मुंबईहून पिठाच्या गिरणीचं इंजन आणलं. हे इंजन चालायचं कोळशाच्या ग्यासवर. पुरुषभर उंचीची लोखंडी भट्टी. तिच्यात वरून बाभळीचा कोळसा ओतायचा, खालून विस्तव पेटवायचा, आणि मग हाताचा पंखा गरागरा फिरवून कोळसा फुलवायचा. अर्धा-पाऊण तास पंखा फिरवला की भट्टीतून ग्यास निघू लागायचा, आणि मग इंजन एकदा टुक्-टुक् करू लागलं की ते स्वतःच ग्यास ओढून घ्यायचं. बसवायला आलेला फिटर आठ दिवस राहून गेला. जाताना म्हणाला, घरचाच एक माणूस भट्टीवर ठेवा, भाड्याच्या माणसाचं हे काम नव्हे.

घरचा माणूस कोण? आश्रुबाचा मुलगा धर्मराज बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शिकत होता. आश्रुबा हिशेब-बिशेब, तहसील, लोक यांत गुंतलेला. उरला धोंडीराम... ज्याचा जीव गोदाकाठच्या रानात आणि दोन खिलारी बैलांत गुंतलेला होता, जो बैलांच्या श्वासावरून त्यांचं दुखणं ओळखायचा. पण सहा वर्षांचा असताना आई-बाप मेलेल्या या भावाला आश्रुबाने खांद्यावर बसवून वाढवलं होतं. दादाने नुसतं म्हटलं, “धोंड्या, भट्टी तू बघ,” आणि त्याने बैलांची दावी गड्याच्या हाती दिली. एकदाही ‘कावून’ म्हणून विचारलं नाही.

पहिली तीन वर्षं बरी गेली. मग गेल्या फाल्गुनात वैनीचं, साखराबाईचं, डोकं फिरलं. भट्टीच्या खोलीची खिडकी तिच्या परसात उघडायची, आणि पेटवतानाचा ग्यास बाहेर सोडणारं नळकांडंही त्याच खिडकीतून बाहेर काढलेलं होतं. त्याची काजळी तिच्या वाळत घातलेल्या शेवयांवर, कुरडयांवर बसायची. तिने घर डोक्यावर घेतलं. आश्रुबाने गवंडी बोलावून खिडकी दगड-मातीने बुजवून टाकली आणि नळकांडं आतल्या आत वळवून पत्र्याखालच्या फटीकडे तोंड करून ठेवलं. पावसाळ्यात गिऱ्हाइकांनी ओरड केली, पिठात कोळशाची धूळ येते म्हणून. तेव्हा भट्टीच्या खोलीचं दारही लावून घ्यायचा हुकूम झाला. धोंडीराम म्हणाला होता, “दादा, आत जीव घुसमटतो.” आश्रुबा म्हणाला होता, “दोन घटका घुसमटला तर मरत न्हाईस.”

तेव्हापासून हे सुरू झालं! सकाळी पंखा फिरवून बाहेर यावं तर डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत, बोलायला जावं तर शब्द भलतेच. दुपारी ऊन-वारं लागलं की सगळं आपोआप उतरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हिवाळा लागला तशी अवस्था आणखी वाईट झाली. आणि गाव? गावाने एका दिवसात निकाल लावून टाकला. धोंडीराम पितो!

किती वेळा सांगायचं? कुणाकुणाला सांगायचं? तो वैतागून गेला होता, अगदी आतड्यापासून वैतागून गेला होता! शिंदीच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं की हा माणूस माझ्या दारात कधी आला नाही. तर लोक म्हणाले, घरीच गाळत असेल. तोंडाला वास येत नाही म्हटलं, तर साखराबाईने पाणवठ्यावर सांगितलं, “वास न्हाई म्हंजी आफू आसंल बायांनो, आफूला कुठं वास आसतो?” दर अमावास्येला गिरणी बंद असायची आणि त्या दिवशी धोंडीराम ठणठणीत असायचा, तर त्यावरही लोक हसले, “बघा, अवसेला पाळतंय बेनं! देवाला तरी भितंय!” शहाणपणाचा असा दुष्काळ गावावर का पडला असेल?

शेवटी त्याने दवाखाना गाठला. घरापासून सरकारी दवाखाना चांगला दीड मैल. तो डोकं धरून निघाला आणि मोकळ्या वाऱ्यात चालत चालत पोचेपर्यंत त्याचं डोकं निम्मं उतरलं होतं, पाय नीट पडत होते! कंपौंडरने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि त्याला नव्या डॉक्टरपर्यंत जाऊसुद्धा दिलं नाही. “तुला काय झालंय बे? उगं टाइम खोटी करतोस! जा.” तीन वेळा गेला. तिन्ही वेळा हेच!

आणि संक्रांतीच्या आधी आश्रुबाने त्याला देवघरापुढे उभं करून, सगळ्या भावकीसमोर, अंजनासमोर, बेल-भंडार उचलायला लावला. “शपथ घे, प्याला न्हाईस म्हणून.” धोंडीरामने बेल-भंडार उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टीच्या दारात झोकांड्या खात पडला! तेव्हापासून दारुड्याला आणखी एक नाव मिळालं होतं... खोटी शपथ खाणारा.

आणि आज? आज पाहुणे घरात असताना “लोकांचं दळण खोळंबलंय, आधी इंजन लावून ये, मग बैठकीला बस,” असं म्हणून त्याला भट्टीवर पाठवलं तेही ह्याच दादाने!

पाहुण्यांची गाडी दिसेनाशी झाली आणि आश्रुबा परत आला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

“धोंड्या, तुला ल्योकासारखा वाढवला. पन आज माझ्यापुरता तू मेलास.”

“दादा, माझं ऐकून तरी...”

“काय ऐकू? तुझ्या खोट्या शपथा? आरं, आईच्या पोटी तुझ्याऐवजी दगड जलमला आसता तर पायरीला तरी लावला आसता! उद्या बायको-पोरगी घे आन् नीघ. माझ्या भट्टीला पुन्यांदा हात लावू नगंस.”

“तुमची भट्टी!” धोंडीरामचा इतक्या महिन्यांचा बांध फुटला. “मी मागितलीती का ती? माझे बैल काढून घेतले, माझं रान काढून घेतलं, आन् त्या काळ्या खोलीत कोंडलं मला! मी तक्रार केली का कवा? एक शब्द माझा खरा मानला आसता, दादा... फकस्त एक!”

आश्रुबाने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर धोंडीराम गोठ्यापाशी गाडीत बोचकी टाकीत होता. बायको ताराबाई मुकाट्याने एकेक गाडगं आणून देत होती. माहेरच्या दारात दारुड्या नवऱ्याला घेऊन जायचं, या विचाराने तिचा चेहरा म्लान झाला होता. पण एवढ्या सगळ्या माणसांत ती एकटीच अशी होती जिने त्याला कधीच काही विचारलं नव्हतं.

पलीकडे गिरणीपुढे बाजाराचे लोक दळणाची पोती घेऊन ताटकळत होते. आज आश्रुबा स्वतः भट्टी पेटवायला आत गेला होता.

“आजून आवाज न्हाई,” ताराबाई म्हणाली.

“पंखा फिरवाया येतो का त्यांला!” धोंडीराम फणकारला. “फिरवू दे. कळू दे जरा.” आणि तरी त्याचा कान तिकडेच होता. पेटवायला घेऊन तासाच्या वर वेळ झाला. इतका वेळ? मग साखराबाई नवऱ्याला हाका मारत भट्टीच्या खोलीत जाताना दिसली. तिची हाक एकदा आली, दुसऱ्यांदा आली... आणि मग काहीच नाही.

अंजना पळत आली. “आबा! मोठी आई खाली पडली! थोरले आबाबी पडलेत... मी दारातूनच बघितलं, माझंच डोकं गरगरलं...”

एका क्षणात धोंडीरामच्या मनात लख्खकन काहीतरी पेटलं. दादा पीत नाहीत! वैनी तर नाहीच नाही! मग? मग दोघंही एकाच खोलीत, एकाच वेळी...

“आत कुणी जाऊ नगा!” तो ओरडत धावला. त्याने दार सताड उघडलं, बाहेरची हवा छातीत भरून घेतली, तोंड मिटलं आणि आत शिरला. वैनी उंबऱ्याजवळच होती. तिच्या काखेत हात घालून त्याने तिला ओढत अंगणात आणलं. पुन्हा श्वास भरला, पुन्हा आत. दादा भट्टीच्या पलीकडे, पंख्याच्या मुठीवर ओणवा पडला होता. किती जड! धोंडीरामने त्याला पाठीवर घेतलं, चार पावलं टाकली... आणि छाती फुटायला आली तेव्हा त्याने श्वास घेतला. दुसरा घेतला. उंबऱ्याशी त्याचे गुडघे मोडले. तिथून ताराबाईने आणि दळणाला आलेल्या दोघांनी भावा-भावांना एकत्रच खेचून बाहेर काढलं.

आणि मग सुरू झाला तो गोंधळ! कुणी कांदा फोडून आणला, कुणी आश्रुबाच्या नाकाला जोडा लावला, कुणी ताक पाजायला भांडं घेऊन आलं, कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. आणि एक जण तर हसला, “काय बे, आता थोरलाबी प्याला व्हय!” धोंडीराम ओकत होता, त्याला धड बसवत नव्हतं, नाही तर त्याने त्या माणसाचं नरडं धरलं असतं!

ताराबाईने दळणवाल्याच्या तट्टावर माणूस पिटाळला होता. डॉक्टर मुर्तुजा त्याच तट्टावर बसून आले. दिवाळीनंतर हैदराबादेहून बदलून आलेला हा तरुण माणूस घामाघूम झाला होता आणि पहिल्याच नजरेत भयंकर चिडला.

“हटो! सब हटो पीछे! हवा तर येऊ द्या बेचाऱ्याला! वो छाछ फेको... बेहोश आदमीच्या तोंडात पाणी घालता? फेफड्यात गेलं तर? और ये जूता किसका है?”

ते आश्रुबाजवळ गुडघे टेकून बसले. तोंडाचा वास घेतला. पापणी उचलली. ओठ पाहिले. ओठ आणि गाल पान खाल्ल्यासारखे लालबुंद दिसत होते, जणू माणूस मजेत झोपला आहे! पण श्वास मात्र मंद, उथळ, मध्येच अडणारा. मग ते साखराबाईकडे वळले. ती मोकळ्या हवेत डोळे उघडून कण्हू लागली होती, डोकं घट्ट धरून.

“दोघं एकाच जागी पडले? अंदर क्या जलता?”

“कोळसा,” ताराबाई म्हणाली. “खिडकी बुजवल्याली हाय. दार लावल्यालं.”

“या अल्ला!” डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “ये कोळशे की जहरीली हवा है. हिला वास नाही, रंग नाही. साँस के साथ खून में जाती और वहीं बैठ जाती, चांगल्या हवेला जागाच देत नाही. हैदराबादच्या बड्या दवाखान्यात साफ हवेचा नळा लावतात. इथं?... इथं तुमच्या गेवराईचा वारा हीच दवा.”

त्यांनी आश्रुबाला पालथं निजवलं, मान एका बाजूला वळवली, तोंडात बोट घालून जीभ मोकळी आहे ना ते पाहिलं, अंगरख्याच्या कशा सोडल्या, पायांवर घोंगडी टाकली. मग त्याच्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून शेवटच्या बरगड्यांवर दोन्ही पंजे ठेवले आणि हळूच पुढे झुकले. हवा बाहेर. मग मागे आले. हवा आत. पुढे... मागे... पुढे... मागे...

“किती येळ?” कुणीतरी विचारलं.

“जब तक खुद न ले!” डॉक्टर खेकसले.

त्यांचे हात थकले तेव्हा धोंडीराम सरपटत पुढे आला. “मला दावा.”

“तू? तूच हललेला आहेस.”

“माझा भाऊ हाय, डाक्टरसाब. मला दावा.”

डॉक्टरांनी दाखवलं: स्वतः संथ श्वास सोडायचा तेव्हा दाबायचं, घ्यायचा तेव्हा सोडायचं. धोंडीरामने भावाच्या पाठीवर पंजे ठेवले. ज्या पाठीवर बसून त्याने गोदावरी पहिल्यांदा पाहिली होती ती पाठ! डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होतं, आणि तो दाबत होता, सोडत होता... ‘मेलास म्हणालात ना मला? आता तुमी मरू नगा! माझं ऐकून घेतल्याबिगर मरायचं न्हाई, दादा! न्हाई मरायचं!’

दाबणाऱ्याच्या शेजारी उकिडवे बसून डॉक्टर विचारू लागले, “तुझंही डोकं दुखतं?”

“रोज.”

“सुबह? पंखा फिरवल्यावर?”

“व्हय.”

“बाहेर आलास की उतरतं? गिरणी बंद असली की दुखत नाही?”

धोंडीरामचे हात क्षणभर थांबले. या जगात हा प्रश्न विचारणारा माणूस होता! इतका सोपा प्रश्न! आणि तो विचारायला वर्ष लागलं! “आवं, मी तीन डाव आलतो दवाखान्यात! तुमच्या कंपौंडरनं हाकलून दिलं! आन् समदं गाव मला दारुडा म्हणतंय!”

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते उठले, आणि जमलेल्या माणसांकडे वळून मोठ्याने म्हणाले, “सुनो सब. हा माणूस कधी प्यालेला नाही. याला रोज कोंडून जहर दिलंय, आणि वरून दारुडा म्हटलंय. समझे?”

गर्दीतला मघाचा हसणारा माणूस आपलं पोतं उचलून मागच्या मागे सरकला.

तासाभराने आश्रुबाच्या बरगड्या हाताखाली आपोआप उचलल्या. एकदा... दोनदा... मग एक लांब, घरघरता श्वास. ताराबाईने देवाचं नाव घेतलं.

पण आश्रुबा शुद्धीवर आला तो कसा! डोळे तारवटलेले, तोंडातून लाळ, “कोन... कोन बे तू...” असे अडखळते शब्द, उठायला गेला आणि आडवा झाला, पुन्हा उठला आणि स्वतःच्या अंगावर ओकला. कुणालाही वाटलं असतं की हा माणूस शिंदीच्या दुकानातून आत्ता बाहेर पडला आहे. धोंडीराम थिजून पाहत राहिला. असे दिसत होतो का आपण? अंजनासमोर? पाहुण्यांसमोर? ज्यांनी आपल्याला दारुडा म्हटलं त्यांना, त्या एका क्षणी, तो थोडासा समजू शकला. आणि समजू शकला म्हणून त्याचा संताप कमी झाला नाही, उलट कुणावर काढावा हेच कळेना!

डॉक्टरांनी गवंड्याला बोलावून आपल्या डोळ्यांदेखत खिडकी फोडून घेतली. नळकांडं बाहेर काढल्याशिवाय विस्तव लावलात तर तहसीलदारांना सांगून गिरणीला टाळं लावीन, असा दम भरला. “आणि ओलं फडकं तोंडाला बांधून आत जाऊ नका. धूर अडेल, ही हवा अडणार नाही.” तिघांनीही आठ दिवस उघड्यावर पडून राहायचं, उठायचं नाही, ओझं उचलायचं नाही. “ही हवा दिमागातून काही घेऊनही जाते,” जाता जाता ते म्हणाले. “लक्ष ठेवा.”

काय घेऊन गेली ते तिसऱ्या दिवशी कळलं.

अंगणातल्या लिंबाखाली दोघे भाऊ शेजारी शेजारी घोंगड्यांवर पडले होते. कोवळं ऊन होतं. आश्रुबाने कूस बदलली आणि अगदी सहज विचारलं, “धोंड्या, पाटोद्याचं पाव्हणं कवा येनार हायेत रे?”

ताराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

धोंडीरामने भावाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तो चेहरा कोरा होता, लहान मुलासारखा निर्मळ! पाहुणे, बेल-भंडार, ‘माझ्यापुरता मेलास’... सगळं, सगळं पुसून गेलं होतं. तीन दिवस धोंडीराम याच क्षणाची वाट पाहत पडला होता. दादा काय म्हणतील, कोणत्या शब्दांत चूक कबूल करतील, आपण लगेच विरघळायचं की थोडं ताटकळत ठेवायचं, हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं. आणि आता? ज्याने क्षमा मागायची त्याला गुन्हाच आठवत नाही! ह्या कर्माला काय म्हणावं? हसावं की डोकं आपटून घ्यावं?

“येतील,” तो तोंड फिरवून म्हणाला. “पडा तुमी.”

“तोंड फिरवून कावून बोलतोस? मी काय बोललो का रे तुला?”

समोर भावाचा सुकलेला, तीन दिवसांत दहा वर्षांनी थकलेला चेहरा. धोंडीराम त्याच्याकडे वळला.

“न्हाई दादा. काय बी न्हाई बोललात.”

“खोटं!”

ओसरीच्या पायरीवर कपाळाला फडकं बांधून साखराबाई बसली होती, ती उठली. खांबाला धरत, तोल सावरत आली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली. “पुरं करा, भावजी. किती झाकसाल आमचं?” आणि मग तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. शेवयांसाठी खिडकी बुजवायला आपण कसा हट्ट धरला, पाणवठ्यावर अफूची कंडी आपण कशी पिकवली, बेल-भंडार, पाहुण्यांचं उठून जाणं, आणि शेवटी ते दगडाचं वाक्य, शब्द न् शब्द. “...आन् ह्यांनीच आपल्याला दोघांला आतून वढून काढलं. आपलं बोचकं गाडीत टाकता टाकता आले हे! मी उठती झाले की पाटोद्याला जानार हाय. राधाकिशन पाटलाच्या बायकोपुढं पदर पसरनार, सांगनार, की दारू न्हवती बाई, माझ्या शेवया व्हत्या त्या...”

आश्रुबाने डोळे मिटले. कितीतरी वेळ तो आपल्या मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतून काहीतरी धुंडाळत राहिला. मग डोळे उघडले.

“मला ह्यातलं कायबी आठवंना... मी? मी म्हणालो आसं? आईच्या पोटी...” तो भावाकडे वळला. “धोंड्या, ही सांगती ते खरं हाय का?”

धोंडीराम म्हणाला, “व्हय दादा. खरं हाय.”

“तू सांगतोस न्हवं? मग झालं. म्हणालोच आसन मी.”

बस, एवढंच! पुढे एकही प्रश्न नाही. ज्या गोष्टीची आपल्या डोक्यात खूणसुद्धा उरली नाही ती त्याने भावाच्या एका शब्दावर आपल्या माथी घेतली, आणि घोंगडीवरून सरपटत धाकट्याचे पाय धरायला निघाला. वर्षभर डोळे कोरडे ठेवलेली अंजना माजघराच्या दारात हुंदका देऊन रडू लागली.

“आवं दादा! आवं काय करताय!” धोंडीराम पाय आखडून घेत ओरडला; रडूही येत होतं आणि रागही, दोन्ही एकाच वेळी. “डाक्टरनं उठू नगा म्हणलंय न्हवं? पडा म्हणतो ना! माझं एक बी कवा ऐकायचं न्हाईच का तुमी?”

“ऐकतो,” आश्रुबा म्हणाला. “ऐकतो, बाबा.”

आणि जन्मात पहिल्यांदा धाकट्याच्या सांगण्यावरून तो मुकाट्याने आडवा झाला.